मानमोडीचा विषाणू पेशीत कसा शिरतो?

कोंबडीपालन हा शेतीस पूरक असा धंदा आहे. अल्पभूधारकाच्या घरी दहा-वीस कोंबड्या असल्या, तर मीठमिरचीचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि प्रसंगी औषधपाण्याचाही खर्च त्यांवर भागतो. शिवाय हा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. असा हा उपयुक्त जोडधंदा एका आठवड्यात बुडविणारा रोग म्हणजे राणीखेत, अर्थात आपल्या खेड्यांतील मानमोडी होय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी घडलेली एक गोष्ट येथे सांगणे अवश्य वाटते. वैशाखाचे दिवस होते. माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी काही भगिनींनी परसात कोंबड्या पाळल्या होत्या. तालुक्याच्या गावाहून लसीची कुपी आणण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. कुपी कागदात गुंडाळून पिशवीत घातली, वाटेत एका प्रात्यक्षिकाच्या शेतावर दोन तास थांबलो आणि भर दुपारी गावात पोहोचलो. बर्फाची सोय मी केली नव्हती. कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घातले गेले आणि सर्वजण निश्चिंत झाले. पुढे महिना लोटतो न लोटतो तोच गावात मानमोडी आली. एका बाईंच्या त्रेचाळीस कोंबड्यांपैकी सहा उरल्या. त्यांनी मला एवढेच विचारले, "साहेब, थेंब तर तुमच्यासमोरच घातले होते. मग ह्या मेल्या कशा?"

त्या वेळी मजपाशी या प्रश्नाचे नीट उत्तर नव्हते. "लस खराब झाली असेल" असे म्हणून मी वेळ मारून नेली. लस खराब होते म्हणजे तिच्यातील नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी विषाणू कोंबडीच्या पेशीत शिरतो कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत पाठाचा तोच विषय आहे.

रोगाची ओळख

हा रोग १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल या शहराजवळ आढळून आला. त्यानंतर लवकरच, १९२७ च्या सुमारास, कुमाऊँच्या डोंगराळ भागातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली. म्हणून जगात त्यास न्यूकॅसल रोग आणि आपल्या देशात राणीखेत रोग असे म्हणतात. रोगट कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा टाकते, तिचे पंख व पाय लुळे पडतात आणि मान पिळवटली जाते. अंड्यावरील कोंबड्यांची अंडी एकाएकी घटतात, किंवा मऊ कवचाची येऊ लागतात. लस न दिलेल्या कळपात तीव्र प्रकारचा रोग शिरला, तर जवळजवळ सर्व पक्षी दगावू शकतात.

मात्र याच विषाणूचे काही प्रकार इतके सौम्य आहेत की, पक्ष्याला त्यांची बाधा झाल्याचे लक्षातही येत नाही. एकाच कुळातील एक विषाणू कळपाचा संहार करतो आणि दुसरा निरुपद्रवी राहतो. हा भेद कशामुळे पडतो? याचेही उत्तर विषाणूच्या प्रवेशाच्या रीतीत पुष्कळ अंशी दडलेले आहे.

विषाणूची रचना

विषाणू हा जिवाणूसारखा स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. त्याला दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरून तेथील साधनसामग्रीवर आपल्या प्रती काढाव्या लागतात. मानमोडीच्या विषाणूचा आकार मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागापासून पुढे असतो. त्याच्या पोटात त्याचा आनुवंशिक लेख म्हणजे आरएनएचा एक लांब धागा असतो. या धाग्याभोवती बाहेरून स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते. हे आवरण विषाणूचे स्वतःचे नव्हे. ज्या पेशीत तो वाढला, तिचेच पटल पांघरून तो बाहेर पडलेला असतो. या आवरणात विषाणूने आपल्या दोन जातींच्या प्रथिनांचे काटे रोवलेले असतात. आपल्या विवेचनाचा सारा भर या काट्यांवर आहे.

पटलांची अडचण

कोंबडीची प्रत्येक पेशीही अशाच स्निग्ध पटलाने वेढलेली असते. एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढीच त्या पटलाची जाडी भरेल. तरीही ते पटल मोठे भक्कम कुंपण आहे. विषाणूचा धागा त्यातून आपोआप आत जाऊ शकत नाही. आत जाण्याचा एक मार्ग असा की, विषाणूचे आवरण आणि पेशीचे पटल एकमेकांत मिसळून एकजीव व्हावे. यास पटलांचे सम्मीलन म्हणतात.

आमटीवरील तेलाचे दोन थेंब जवळ आले की पाहता पाहता एक होतात. मग स्निग्ध पदार्थाची ही दोन पटले सहज का मिसळू नयेत, अशी शंका येईल. याचे कारण असे की, पटलाचा स्निग्ध भाग आत दडलेला असतो आणि त्याच्या दोन्ही पृष्ठभागांना पाणी घट्ट धरून बसलेले असते. दोन पटले अगदी निकट आणावयाची, तर मधले हे पाणी दूर सारावे लागते, आणि त्यास जोर लागतो. हा जोर विषाणूजवळ इंजिन नसताना येतो कोठून? तो त्याच्या एका प्रथिनात आधीच साठवून ठेवलेला असतो.

दोन प्रथिने : चिकटणारे व जोडणारे

विषाणूच्या अंगावरील पहिले प्रथिन चिकटण्याचे काम करते. शास्त्रज्ञ त्यास एच-एन म्हणतात. कोंबडीच्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकांशी सियालिक आम्ल नावाचा घटक असतो. चिकटणारे प्रथिन हा घटक ओळखून त्यास धरते. नव्याने जन्मलेले विषाणू पेशीच्या दाराशीच अडकून राहू नयेत, म्हणून तोच घटक तोडण्याचेही कसब या प्रथिनात आहे.

दुसरे प्रथिन जोडण्याचे काम करते. त्यास एफ म्हणतात. (लसीच्या कुपीवर कधी कधी 'एफ' हे अक्षर असते, ते विषाणूच्या एका सौम्य वाणाचे नाव आहे. या प्रथिनाशी त्याची गल्लत करू नये.) जोडणाऱ्या प्रथिनाची एक साखळी ५५३ अमिनो आम्लांची असते आणि अशा तीन साखळ्या मिळून एक काटा बनतो. घरात उंदरासाठी लावतात त्या ताणलेल्या चापाशी याची तुलना करता येईल. चाप ताणताना आपण जो जोर लावतो, तो त्याच्या कमानीत साठून राहतो आणि चाप सुटताच प्रकट होतो. त्याचप्रमाणे हे प्रथिन तयार होतानाच अशा ताणलेल्या घडीत बसविलेले असते की, संधी मिळताच ते उलगडून दुसऱ्या, अधिक स्थिर घडीत जाते. या दोन घडींमधील जोराच्या फरकावरच पटलांचे सम्मीलन घडून येते.

सम्मीलनाच्या पायऱ्या

ही क्रिया पुढील क्रमाने होते.

१. चिकटणारे प्रथिन पेशीवरील सियालिक आम्लास धरते. विषाणू पेशीस बिलगतो.

२. पेशी सापडल्याची ही सूचना शेजारच्या जोडणाऱ्या प्रथिनास पोहोचते आणि ताणलेला चाप सुटतो.

३. विहिरीत पडलेली बादली काढण्यासाठी आपण गळ सोडतो. तसे या प्रथिनाचे एक टोक झपाट्याने पुढे येऊन पेशीच्या पटलात रुतते. हे टोक पाण्याशी फटकून वागणारे व स्निग्ध पदार्थात रमणारे असल्यामुळे ते पटलात पक्के बसते. आता प्रथिनाचे एक टोक पेशीत व दुसरे विषाणूच्या आवरणात, अशी स्थिती होते.

४. मग हे लांबलेले प्रथिन मध्येच दुमडते आणि त्याची दोन्ही टोके एकमेकांजवळ येतात. चिमटा मिटावा तशी ही हालचाल असते. टोकांबरोबर दोन्ही पटलेही ओढली जातात आणि मधले पाणी बाजूस सारले जाते.

५. प्रथम पटलांचे बाहेरचे थर मिसळतात, नंतर आतले. शेवटी एक छिद्र पडून ते रुंदावते आणि विषाणूचा धागा पेशीत उतरतो.

एक चाप एकदाच सुटतो. सुटलेले प्रथिन पुन्हा ताणले जात नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे लसीचा विचार करताना तिचे महत्त्व कळेल.

पेशीत विषाणू वाढू लागला म्हणजे ही दोन्ही प्रथिने त्या पेशीच्या पटलावरही उगवतात. मग रोगट पेशी शेजारच्या निरोगी पेशीशीच एकजीव होते आणि अनेक केंद्रके असलेली एक मोठी पेशी बनते. विषाणूंमुळे पेशी एकमेकींत मिसळतात, ही गोष्ट जपानमधील ओसाका येथे ओकाडा या शास्त्रज्ञाने १९५७ साली सेंदाई नावाच्या विषाणूवरील प्रयोगांत दाखविली. सेंदाई विषाणू हा मानमोडीच्या विषाणूचा भाऊबंदच होय.

सुतळी कोण कापतो?

आता आपण पाठाच्या गाभ्याकडे वळू. जोडणारे प्रथिन प्रथम तयार होते ते अखंड साखळीच्या रूपात. अखंड असेपर्यंत ते निरुपयोगी असते. चाप ताणलेला आहे, पण सुतळीने करकचून बांधलेला आहे, अशी त्याची अवस्था असते. ती सुतळी कापली गेल्यावाचून चाप सुटू शकत नाही. साखळीतील ११६ व्या व ११७ व्या अमिनो आम्लांच्या मध्ये हा काप पडावा लागतो. काप पडला म्हणजे पटलात रुतणारे टोक मोकळे होते आणि चाप सज्ज होतो.

आश्चर्याची गोष्ट अशी की, ही सुतळी कापण्याचे हत्यार विषाणूपाशी नसते. ते कोंबडीच्याच शरीरात असते. प्रथिने कापणारी अनेक विकरे प्राण्यांच्या शरीरात निरनिराळी कामे करीत असतात आणि त्यांतील काही विकरे विषाणूची ही सुतळीही कापून देतात. चोराने घरमालकाचीच कुऱ्हाड वापरावी, तसा हा प्रकार आहे.

सौम्य विषाणूत कापाच्या जागी आर्जिनिनसारखी भस्मधर्मी अमिनो आम्ले विरळ असतात. अशी जागा ओळखणारी विकरे मुख्यतः श्वासनलिका व आतडे यांतच सापडतात. म्हणून सौम्य विषाणू तेवढ्याच भागात वाढतो. तो यकृतात किंवा मेंदूत पोहोचला, तरी तेथे तयार झालेल्या त्याच्या संततीची सुतळी कापणारे कोणी नसते. ती संतती वांझ ठरते आणि रोग आटोक्यात राहतो.

तीव्र विषाणूत ११३ ते ११६ या चार स्थानांपैकी निदान तीन स्थानी भस्मधर्मी अमिनो आम्ले असतात व ११७ व्या स्थानी फेनिलअॅलानिन असते. अशी जागा फ्युरिन या विकरास ओळखता येते. फ्युरिन हे शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असते. त्यामुळे तीव्र विषाणू जेथे जाईल तेथे त्याची सुतळी कापली जाते, आणि तो फुप्फुस, आतडे, प्लीहा, मेंदू अशा सर्व इंद्रियांत पसरतो. मेंदू व मज्जारज्जू यांना इजा झाली म्हणजे मान पिळवटते. आपल्या पूर्वजांनी रोगास दिलेले मानमोडी हे नाव विषाणूच्या या सर्वसंचाराचीच साक्ष देते.

प्रथिनाच्या कापाचा व रोगाच्या तीव्रतेचा हा संबंध नागाई, क्लेंक व रॉट या शास्त्रज्ञांनी १९७६ साली स्पष्टपणे मांडला. तथापि रोगाची तीव्रता केवळ या एका जागेवर अवलंबून असते, असे समजू नये. आपल्याकडे वापरात असलेल्या आर-टू-बी या लसीच्या विषाणूत कापाची जागा तीव्र विषाणूसारखीच आहे. परंतु मुक्तेश्वर येथील संस्थेत १९४० च्या दशकात कोंबडीच्या गर्भावर वारंवार वाढवून त्यास निवळविण्यात आले. त्याचा काही तिखटपणा मात्र शिल्लक आहे, आणि म्हणूनच ही लस सहा आठवड्यांच्या आतील पिलांस देत नाहीत.

सौम्य विषाणू सदैव सौम्य राहीलच, अशीही खात्री नसते. १९९८ साली ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मानमोडीचा तीव्र प्रकार उद्भवला. तपासाअंती असे आढळले की, तो परदेशातून आलेला नव्हता. तेथील पक्ष्यांत वावरणाऱ्या निरुपद्रवी विषाणूच्या लेखात कापाच्या जागी अवघी दोन अक्षरे बदलली होती. सुमारे पंधरा हजार अक्षरांच्या लेखातील दोन अक्षरांनी हा उत्पात घडविला. कळपांत विषाणूस वर्षानुवर्षे मोकळे फिरू देणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसून येईल.

बर्ड फ्लूचा दाखला

हे तत्त्व एकट्या मानमोडीपुरते नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला. भारतातील कोंबड्यांत हा रोग निश्चित होण्याची ती पहिली वेळ होती आणि त्यापायी लाखो पक्षी नष्ट करावे लागले. बर्ड फ्लूचा विषाणू वेगळ्या कुळातला आहे. त्याच्या अंगावर चिकटणे व जोडणे ही दोन्ही कामे एकच प्रथिन करते. त्यालाही कापाची आवश्यकता असते; आणि कापाच्या जागी भस्मधर्मी अमिनो आम्लांची रांग असली, तर तेथेही फ्युरिन काप घेते आणि रोग सर्वांगात पसरतो.

फरक आहे तो चाप सुटण्याच्या खुणेत. मानमोडीचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच सम्मीलन घडवू शकतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू मात्र प्रथम पेशीकडून एका लहानशा पिशवीत गिळला जातो. मातीचा सामू आपण मोजतो, तसा त्या पिशवीचा सामू मोजला तर तो हळूहळू ५ च्या आसपास उतरतो, म्हणजे आतील द्रव आम्लधर्मी होतो. ही आम्लता जाणवताच चाप सुटतो आणि विषाणू पिशवीच्या पटलाशी एकजीव होऊन बाहेर पडतो. २०२० साली जगभर पसरलेल्या करोना विषाणूच्या काट्यातही फ्युरिनने कापली जाणारी जागा आहे. विषाणूंची कुळे भिन्न असली, तरी काटा बांधावयाचा, कापून सज्ज करावयाचा आणि योग्य जागी सोडावयाचा, ही युक्ती सामाईक आहे.

लस काय करते?

लासोटा ही लस म्हणजे मानमोडीचा जिवंत, सौम्य विषाणू होय. १९४६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील एका कोंबडीपालकाच्या कळपातून तो मिळाला आणि त्या कोंबडीपालकाच्या आडनावावरूनच त्यास हे नाव पडले. डोळ्यात किंवा नाकपुडीत त्याचा थेंब टाकला असता तो श्वासमार्गाच्या पेशींत शिरतो. तेथील विकरे त्याची सुतळी कापतात, तो थोडा वाढतो, परंतु सर्वांगात पसरू शकत नाही. लस डोळ्यात किंवा नाकात का टाकावयाची, याचे कारण यात आहे. सौम्य विषाणूस अनुकूल अशी जागा तीच आहे आणि रोगाचा विषाणूही बहुधा त्याच वाटेने येतो.

अशी लस कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांत वाढविता येते. अंड्यातील गर्भाभोवतीच्या द्रवातही सुतळी कापणारे एक विकर असते, म्हणून सौम्य विषाणू तेथे उत्तम वाढतो.

लसीमुळे कोंबडीच्या रक्तात व श्वासमार्गात प्रतिपिंडे निर्माण होतात. काही प्रतिपिंडे चिकटणाऱ्या प्रथिनावर बसून विषाणूस पेशी धरू देत नाहीत. काही जोडणाऱ्या प्रथिनावर बसून चापाची हालचालच रोखतात. पुढे तीव्र विषाणू आला, तरी त्यास पेशीचे दार उघडता येत नाही. मात्र ही प्रतिपिंडे तयार होण्यास दोन आठवड्यांच्या आसपास अवधी लागतो. म्हणून शेजारच्या वस्तीत मर सुरू झाल्यावर केलेली धावपळ बहुधा व्यर्थ ठरते.

उष्णता आणि ताणलेला चाप

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. लसीतील विषाणू जिवंत असला, म्हणजे त्याचा चाप ताणलेला व सुस्थितीत असला, तरच तो कोंबडीच्या पेशीत शिरू शकेल. अशी ताणलेली प्रथिने उष्णतेने बिघडतात. पेशी समोर नसतानाही केवळ उष्णतेने चाप सुटू शकतो, हे इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरील प्रयोगांत दिसून आले आहे. आणि एकदा सुटलेला चाप पुन्हा ताणला जात नाही. वैशाखाच्या उन्हात, पिशवीत हिंदकळणाऱ्या त्या कुपीतील विषाणूंचे बळ वाटेतच संपले असले पाहिजे. आम्ही कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, पण त्या थेंबांत पेशीत शिरू शकेल असे फारसे काही उरले नव्हते. लस दिली, असे वहीत लिहिले गेले. कोंबडीच्या शरीरास मात्र लस मिळाली नाही. दोष लसीचा नव्हता, त्या बाईंचा तर नव्हताच. तो माझा होता.

उष्णतेस अधिक टिकणारे सौम्य विषाणूही आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड येथे १९६६ साली मिळालेला व्ही-फोर हा विषाणू त्यांपैकी एक असून, खेड्यांतील कोंबड्यांसाठी अशा लसींचा उपयोग काही देशांत केला जातो. परंतु आपल्या हाती जी लस आहे, ती थंडच ठेवली पाहिजे.

व्यवहारात काय करावे?

वरील विवेचनावरून कोंबडीपालकांनी पुढील गोष्टींची काळजी घ्यावी.

१. लसीची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी. वाहतूक बर्फ घातलेल्या थर्मासातून किंवा शीतपेटीतून करावी. कुपी खिशात किंवा पिशवीत ठेवू नये आणि तीवर ऊन पडू देऊ नये.

२. सोबत मिळणाऱ्या थंड द्रावणात लस विरघळविल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी. उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

३. लसीकरण सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे. पिलांस पहिल्या आठवड्यात, सामान्यतः पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकावा. सुमारे चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा द्यावी. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी टोचून घ्यावी. नेमके वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावे.

४. पिण्याच्या पाण्यातून लस द्यावयाची असल्यास त्या पाण्यात जंतुनाशक पूड किंवा क्लोरीन असू नये. पाण्यात साय काढलेल्या दुधाची थोडी भुकटी मिसळल्यास लसीचे रक्षण होते.

५. विषाणूचे आवरण स्निग्ध असल्यामुळे साबण व धुण्याचा सोडा यांपुढे ते टिकत नाही. आवरण फुटले की काटे निकामी होतात. खुराडे, भांडी, हात व पादत्राणे साबणाने धुवावीत. परंतु विष्ठा व घाण तशीच ठेवून वरून औषध शिंपडू नये. विष्ठेच्या थराखाली विषाणू सुरक्षित राहतो. आधी खरवडून काढावे, मग धुवावे, शेवटी जंतुनाशक वापरावे.

६. आजारी पक्षी आठवडी बाजारात विकणे म्हणजे दहा गावांना रोग वाटणे होय. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. बाजारातून आणलेले पक्षी निदान दोन आठवडे वेगळे ठेवावेत.

७. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले, तर त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मानमोडी व बर्ड फ्लू यांची लक्षणे पुष्कळदा सारखी असतात. नमुने तपासल्यावाचून त्यांतील भेद सांगता येत नाही. मृत पक्षी उघड्या हातांनी हाताळू नयेत.

८. लस देणाऱ्याने काम संपताच हात धुवावेत व तोवर डोळ्यांस हात लावू नये. हा विषाणू मनुष्याच्या डोळ्यांत गेल्यास डोळे येतात. ते बहुधा काही दिवसांत बरे होतात.

उपसंहार

विषाणूच्या काट्यावर एक ताणलेला चाप असतो. तो कोंबडीच्याच विकराने सज्ज होतो, पेशीस भिडताच सुटतो आणि दोन पटले एकजीव करून विषाणूस आत घेतो. रोगाची तीव्रता, लसीची जागा, थंडाव्याची आवश्यकता आणि साबणाचे सामर्थ्य या चारही गोष्टी याच एका घटनेशी जोडलेल्या आहेत. ज्याला हे कारण कळले, त्याला बर्फाचा थर्मास बरोबर घ्यावयास कोणी सांगावे लागत नाही.

त्या बाईंनी उरलेल्या सहा कोंबड्यांतून पुन्हा कळप उभा केला. दुसऱ्या वर्षी मी थर्मास घेऊन त्यांच्या दारी गेलो, तेव्हा त्यांनी आधी झाकण उघडून आत बर्फ आहे की नाही, हे स्वतः पाहिले आणि मगच पहिली कोंबडी माझ्या हाती दिली. प्रत्येक कोंबडीपालकाने लस आणणाऱ्याची अशीच परीक्षा घ्यावी.